फुलवाल्याची लाइन

अळूची जुडी उलटी करून देठ काळे की हिरवे ते विनिता बघत होती, तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून हेतल म्हणाली, "विनिता, फुलवाला गेला." पनवेलच्या भाजी मार्केटात भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पितृपक्ष चालू, म्हणजे सोनार आणि कापडवाले माशा मारत बसलेले आणि भाजीवाल्यांची चंगळ. गवार, भोपळा, भेंडी, ज्याला हात लावावा ते महाग. "गेला म्हणजे?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं. "म्हणजे बंद गं. दुकानच बंद केलं त्याने. सकाळी मेल आला. आज संध्याकाळपर्यंत लाइन चालू राहील, पण तू उचलायची नाहीस. वाजली तर वाजू दे. क्लायंटचं इन्स्ट्रक्शन आहे, ओके?" विनिता ओके म्हणाली. ओके म्हणायची तिच्या जिभेला सवयच होती. भाजीवालीने किती देऊ म्हणून विचारलं तेव्हा दोन जुड्या पुरे असताना तिने पाच घेतल्या, आणि रिक्षा स्टँडपर्यंत जाताना, ह्या पाच घेतल्या गेल्या त्या उपाशीपोटी उन्हात फिरल्यामुळे, असं स्वतःला समजावून पाहिलं. ते काही पटेना. कारण काल संध्याकाळी मॉरीनबाईंनी तिला विचारलं होतं, "मग कापू ना?" आणि तिने सांगितलं होतं, "कापा की."

विनिताचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. बेलपाड्यात सासऱ्यांच्या जागेवर बांधलेल्या चार मजली घरात, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून ती इंग्लंडमधल्या लहान लहान दुकानांचे फोन घ्यायची. तिथल्या कुणीतरी तिथल्याच दुकानाचा नंबर फिरवायचा आणि घंटा वाजायची ती इथे, विनिताच्या कानात. मालकाला वेळ नसतो, नोकर ठेवायची ऐपत नसते, म्हणून अर्ध्या जगापलीकडची विनिता त्याची काउंटरवरची मुलगी. नाव विचारलं तर विनी. कुठून बोलतेस असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्या ऑफिसातून." लग्नाआधी वाशीला कॉल सेंटरमध्ये असताना एका ट्रेनरने तिला शिकवलं होतं की फोनवर हसू ऐकू येतं, तेव्हा हसत बोलायचं, समोर शिव्या पडत असल्या तरी. ते हसू पगारात धरलेलं होतं. सुरुवातीला रात्री झोपताना गाल दुखायचे, पुढे तेही सरावाचं झालं. ठमाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सून दिवसभर कुणाशी हसते हे पहिल्या वर्षी मुळीच कळलं नव्हतं. शेजारणीला त्या सांगायच्या, "आमची विनिता गोऱ्यांशी बोलते. काय बोलते देवाला ठाव." पण बोलायच्या त्या कौतुकानेच.

मंदी विनिताला कानाने कळली. बातम्यांत तो शब्द यायच्या कितीतरी आधी. आधी घंटा दिवसभर खणखणायच्या, एकीचं बोलणं पुरं होतंय तोवर दुसरी. मग दोन घंटांच्या मधे चहा पिऊन व्हायला लागला. मग चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायला लागला. लोक नुसता भाव विचारायचे आणि "बघते, कळवते" म्हणायचे, आणि त्या "कळवते"मधला सभ्यपणा ऐकून ती समजायची की पुन्हा तो आवाज यायचा नाही. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईकडे येणाऱ्यांनी घरच्या घरी कात्र्या चालवायला सुरुवात केली. मोटार शिकवणाऱ्याची पोरं दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा यायला लागली. आणि एके दिवशी हे काम वाटून देणारी हेतल सांगायची, "केकवाली गेली," "पडदेवाला गेला," "तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा होता ना, तोही गेला." हेतलला ह्या 'गेला'चं काही वाटत नसे. ती पनवेलातल्या व्यापाऱ्याच्या घरातली, तिच्या लेखी दुकान म्हणजे पावसातली छत्री, उघडते आणि मिटते. विनिताला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं की आपला एक आवाज गेला. कारण केकवालीची विनी जरा लाडिक बोलायची, घड्याळवाल्याची विनी हळू आणि मोठ्याने, म्हाताऱ्याच्या गिऱ्हाइकांना कमी ऐकू यायचं म्हणून. ती दुकानं मिटली की त्या विनीही मिटायच्या, आणि त्यांना कुणी पाणी सोडायचं नाही. आता हातात चार लाइनी उरल्या होत्या आणि आजपासून तीन. हेतलच्या हाताखालच्या पाचजणींपैकी दोघी गणपतीच्या आधी घरी बसल्या होत्या. तिसरी कोण हे कुणी बोलत नव्हतं, पण जिने नियम मोडला ती, हे सगळ्यांना माहीत होतं.

रिक्षा कळंबोलीच्या सर्कलला अडकली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे ही एवढीशी रिक्षा. अळूची पानं मांडीवर गरम होत होती. फुलवाल्याचं नाव रॉजर. त्याचं दुकान इंग्लंडच्या उत्तरेला एका लहानशा गावात, चर्चसमोर. विनिताने ते इंटरनेटच्या नकाशातल्या फोटोत पाहिलं होतं, हिरवं दार, दाराशी बादल्यांत फुलं. रॉजर चांगला माणूस. चांगला म्हणजे, विनिताच्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा त्याने आठवडाभर स्वतः फोन घेतले होते. पण चांगल्या माणसाचंही दुकान बुडतंच, आणि बुडताना माणूस चांगला राहतोच असं नाही. काल दुपारी त्याचा निरोप आला होता, "आजपासून माल देणाऱ्यांचे फोन आले तर मी आजारी आहे म्हणून सांग. हॉस्पिटलमध्ये आहे म्हण. कधी येईन माहीत नाही म्हण." तिने वाचलं आणि निमूट लक्षात ठेवलं. असले निरोप तिला नवे नव्हते. मालक आजारी पडतात, मालकांच्या आया आजारी पडतात, पडदेवाल्याने तर जिवंत भावाला मारून टाकलं होतं. पैसे मागणाऱ्या शहाण्याला त्यातून काय ते कळतं. तो मनातल्या मनात येण्याचा आकडा सोडून देतो आणि पुढचा माल पाठवत नाही. त्या अर्थाने हे खोटं बोलणं एक प्रकारची दवंडीच होती. मालक आजारी आहे म्हणजे, बाबांनो, सांभाळून. आणि नेमकी तीच दवंडी पिटायची वेळ आली तेव्हा काल विनिताचं तोंड उघडलं नाही.

कारण दिवेलागण झाली होती. तिथे दुपार, इथे दिवेलागण. ठमाबाईंनी नुकताच देवापुढे दिवा लावला होता, उंबऱ्याशी उदबत्ती ओवाळली होती आणि मागच्या खोलीच्या दारात येऊन हात जोडले होते, रोजच्यासारखे, विनिताच्या कॉम्प्युटरलासुद्धा. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून ठेवलं होतं, "विनिते, दिवा लावल्यावर घरान वंगाल बोलू नको. वास्तू तथास्तू बोलते." मरण, दवाखाना, नाही, संपलं, बुडालं, हे शब्द त्या वेळी तोंडातून काढायचे नाहीत. तांदूळ संपले असले तरी गप्प बसायचं आणि सकाळी सांगायचं. विनिता बी.कॉम. झालेली, ती मनातून हसायची. पण मनातून हसणारी माणसंही जीभ आवरतातच. आणि सासरे गेले त्या संध्याकाळी तिचा नवरा जीवन चिडून म्हणाला होता, "ह्या घरात कुणाला सुख लागणार नाय," आणि दिवा समोर तेवत होता. त्यानंतर तासाभरात सासरे खुर्चीतून खाली कलंडले. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे जीवनलाही माहीत होतं आणि विनितालाही. तरी तेव्हापासून दिवेलागणीला तो घरात असला तर तोंडच उघडत नाही, टीव्हीचा आवाज मोठा करतो.

तर काल असा दिवा तेवत असताना मॉरीनबाईंचा फोन आला. मॉरीनबाई म्हणजे रॉजरला डेलियाची फुलं पुरवणारी म्हातारी. घरामागे तिचा एक जमिनीचा तुकडा, त्यात नुसते डेलिया. दोन वर्षं दर आठवड्याला विनिता तिच्याशी बोलत होती. बोलणं फुलांचं थोडं आणि गुडघ्यांचं फार. गोगलगायींनी पानं कशी खाल्ली, थंडी यंदा लवकर पडेल का, मुलगा जमिनीचा तुकडा भाड्याने दे म्हणतो, तिथे लोक सुट्टीत राहायच्या गाड्या उभ्या करतील, कष्टाविना पैसा. मॉरीनबाईंना वाटायचं विनी दुकानातच मागच्या बाजूला बसते. एकदा तिने विचारलं होतं, "मागे खिडकी तरी आहे का गं तुला?" विनिताने खारघरच्या डोंगराकडे बघून सांगितलं होतं, "आहे की. डोंगर दिसतो." "मग छान आहे," म्हातारी म्हणाली होती, "रॉजरने त्या खिडकीला पडदा लावू नये." आणि काल ती म्हणाली, "विनी, शनिवारच्या लग्नाचं पक्कं आहे ना? रॉजर उचलत नाही माझा फोन. सगळेच्या सगळे मागितलेत त्याने, शेंदरी आणि लाल. एकदा कापले की चार दिवस, तुला माहीतच आहे. नाही कापले तर थंडी पडेपर्यंत मी थोडे थोडे बाजारात विकीन, माझं भागेल. पण ह्या लग्नाचे पैसे आले तर मी पोराला सांगेन, अजून एक वर्ष थांब. म्हणून तुला विचारते. रॉजरचं कसं चाललंय?" विनिताच्या ओठांवर हॉस्पिटल हा शब्द आला होता. हॉस्पिटल इंग्रजी शब्द खरा, पण ठमाबाईंना तो कळतो, तो सगळ्यांनाच कळतो. त्या दारात होत्या, डोळे मिटलेले, हात जोडलेले. विनिताने तो शब्द गिळला आणि त्याच्या जागी जो पहिला शुभ शब्द सापडला तो ठेवला. "छान चाललंय," ती हसत म्हणाली, "खूप काम आहे त्यांना, म्हणून उचलत नसतील." "मग कापू ना?" "कापा की." मॉरीनबाई इतकी खूश झाली की तिने फोनवर मुका घेतला. ठमाबाई डोळे उघडून म्हणाल्या, "चांगला झाला काय तरी?" आणि विनिता म्हणाली, "हो आई."

रिक्षा सुटली. वाऱ्याला तळोज्याकडचा वास होता, कुजलेल्या अंड्याचा, रोजचा. कापले असतील का? तिथे आता सकाळ होती. म्हातारी लवकर उठते, दव असताना कापलं तर फूल टिकतं म्हणते. पण म्हातारी गुडघ्यांनी बेजार आहे. पण लग्न शनिवारी आहे आणि आज बुधवार. मग ती गुरुवारी कापेल. गुरुवारीच कापेल, लवकर कशाला कापेल? विनिता असा हिशोब करत राहिली, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि दर खेपेला शेवटी तिला चिखलात वाकलेली एक बाई दिसायची, हातात कात्री, आणि त्या बाईला चेहरा नव्हता कारण तो तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने जीवनला फोन लावला. तो तळोज्याला रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. मशीनच्या घरघरीत ओरडून बोलत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "अगं, आपण काय त्यांचे भाऊबंद आहोत का? इथे बाहेरच्या ऑर्डरी नाहीत म्हणून आमची नाइट बंद केलीय. उद्या दिवसाची करतील. तुझं आहे ते राहू दे ना बाबा. फोन उचलू नको सांगितलंय ना, नको उचलू. सोपं आहे." सोपं होतंच. त्याचं चुकत नव्हतं. रागच यावा असं तो काही बोलला नव्हता आणि तरी तिला राग आला, इतका की रिक्षावाल्याला सुट्टे पैसे देताना तिने ते त्याच्या हातात न देता सीटवर ठेवले.

तिला बुधाजी आठवला. तो आठवायचं तसं कारण होतं आणि म्हणूनच तिला तो आठवायला नको होता. तिचे वडील, धर्मराज, सुक्या मासळीचा धंदा करायचे. करंजाच्या बुधाजी कोळ्याकडून वाळवलेले बोंबील घ्यायचे आणि टेम्पोत घालून खोपोली, कर्जतच्या बाजारांना न्यायचे. विनिता चौथीत होती त्या वर्षी धंदा बसला. टेम्पो गेला, पण तो दुरुस्तीला गेलाय असं घरात सगळे बोलायचे, एकमेकांशीसुद्धा. दिवेलागणीच्या वेळीच काय, भर दुपारीही बुडालं हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आणि बुधाजी विचारायला आला तेव्हा आईने त्याला चहा दिला, मेथीचा लाडू दिला आणि सांगितलं, "झकास चाललाय त्यांचा. तुमी माल राखून ठेवा. दुसऱ्या कुनाला देव नका." आईने ते वाईट मनाने सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की चांगलं बोलत राहिलं की चांगलं होतं. बुधाजीने माल राखून ठेवला. आषाढात मालाला दमट हवा लागली, किडे पडले, आणि पाट्याच्या पाट्या त्याने खाडीत रिकाम्या केल्या. हे विनिताला खूप नंतर कळलं, असंच कुणाच्यातरी बोलण्यात. बुधाजीने कधी तोंड वाजवलं नाही. विनिताच्या हळदीला तो आला होता, मटणाच्या पंगतीत पोटभर जेवला, तिच्या गालाला हळद लावली, "सुखी रहा गो बाय" म्हणाला. तेव्हा तिला वाटलं होतं, किती मोठ्या मनाचा माणूस. आज मागच्या खोलीचं कुलूप उघडताना तिला वाटलं, मोठं मन वगैरे काही नसेल, त्याला फक्त कुणाला काय विचारावं ते सुचलं नसेल. कुणी त्याच्याशी भांडलंच नव्हतं. सगळ्यांनी त्याला लाडूच दिला होता.

दुपारी ती लाइनींवर बसली. स्क्रीनवरच्या चौथ्या चौकोनात फुलवाल्याचं नाव अजून होतं, फक्त करड्या रंगात. चौकोनावर बोट ठेवलं की आलेल्या फोनांचे नंबर दिसायचे. मॉरीनबाईंचा नंबर कालच्या तारखेला होता. बाहेर फोन लावायला बंदी नव्हती, पण लावलेला प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि हेतल संध्याकाळी ते ऐकायची, भात शिजलाय का बघताना चार शितं चेपावीत तसे मधले मधले. बंद लाइनवरून लावलेला फोन म्हणजे लाल अक्षरांत दिसणार. विनिताने नंबर आपल्या मोबाइलवर टिपून घ्यायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण तो तर सरळ चोरीचा प्रकार, त्याला माफीच नाही. मग कुत्र्यांच्या बाईची घंटा वाजली. एक बाई विचारत होती, अर्धाच कुत्रा कापला तर किती, म्हणजे फक्त तोंड आणि पाय. विनिता हसत म्हणाली, विचारून सांगते. मोटारवाल्याकडे एका पोराने शेवटचे धडे रद्द केले, नोकरी गेली म्हणाला, आणि वर स्वतःच "सॉरी" म्हणाला. ती म्हणाली, काही हरकत नाही. बोलता बोलता तिची नजर करड्या चौकोनावरून हलत नव्हती. शेवटी तिने लावलाच. बोट पुढे गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. म्हातारी फोन स्वयंपाकघरात ठेवून शेतात जाते हे तिला माहीत होतं. घंटा वाजून वाजून बंद झाली आणि यंत्र म्हणालं, निरोप ठेवा. निरोप ठेवणं म्हणजे आवाज ठेवणं. विनिताने तोंड उघडलं आणि पलीकडच्या त्या पोकळीत काही सेकंद तिचा नुसता श्वास गेला असेल. मग तिने फोन ठेवला. लाल अक्षरं मात्र उमटायची ती उमटली. आता नियम तर मोडला होता आणि काम झालं नव्हतं, म्हणजे तेलही गेलं आणि तूपही गेलं.

त्यानंतरचा वेळ वाईट गेला. तिने पुन्हा लावला, पुन्हा घंटा, पुन्हा यंत्र. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही, आणि धीर होत नाही ह्याची तिला शरम वाटली, आणि शरम वाटते तर लाव की, असं तिने स्वतःला म्हटलं आणि तरी लावला नाही. ठमाबाई पुढच्या खोलीत उद्याच्या पित्राची गवार निवडत होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "विनिते, आज हसत नाय तू." विनिता म्हणाली, "डोकं दुखतंय आई." त्या उठून आल्या, गवारीचा वास असलेला हात त्यांनी तिच्या कपाळावर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "कोन गेला गो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात अशी खात्री होती की विनिताला खोटं बोलवेना. "कोण नाय आई. एक दुकान बुडालं. तिथलं." "आपला हाय काय?" "नाय." "मग?" विनिताने त्यांना सांगितलं. म्हातारी, तिची जमीन, फुलं, आपण कापा म्हटलं ते. सांगताना तिला वाटलं होतं की ठमाबाईंना यातलं निम्मं कळणार नाही. पण ज्या बाईचं अर्धं आयुष्य भाताच्या कापणीत गेलं आणि मग नवं शहर वसवायला सिडकोने ती शेतंच नेली, तिला कापणं म्हणजे काय हे समजावायला लागलं नाही. त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "दिवा लावाची टायम झाली," आणि निघून गेल्या. विनिताला वाटलं आता बोलतील काहीतरी, चांगलं नाही तर वाईट. पण आतून फक्त काडी ओढल्याचा आवाज आला.

आणि त्याच वेळी चौथा चौकोन लुकलुकायला लागला.

मॉरीनबाई. करड्या रंगावर हिरवा ठिपका, विझतोय, पेटतोय. विनिताने हात मांडीवर ठेवले. एक घंटा. उचलू नकोस, वाजली तर वाजू दे. दुसरी घंटा. उदबत्तीचा वास खोलीत आला, ठमाबाई येत होत्या. पित्राच्या दिवसांत ह्या वेळेला घरात बरंच कुणी कुणी असतं म्हणतात, सासरे असतील, त्यांच्या आधी गेलेले असतील, सगळे कान टवकारून. तिसरी घंटा. तिला जीवनची नाइट आठवली, मुलीची फी आठवली आणि हेतलचा तो 'गेला' म्हणणारा आवाज आठवला, "विनिता गेली" म्हणणारा. मग तिने उचलला.

"विनी!" मॉरीनबाई धापा टाकत होती. तिच्या मागे गाड्यांचा आवाज होता, वारा होता. "तूच लावला होतास का गं फोन? मी शेतात होते. पहाटेपासून कापतेय, एवढी भरून फुलं आली यंदा, तुला दाखवायला हवी होती. म्हटलं आजच आणून देते, रॉजरला बांधायला वेळ मिळेल." विनिता म्हणाली, "कापलीत?" "सगळी. एक ठेवलं नाही." विनिताला वाटलं आपण ओरडणार, पण तिच्या तोंडून फक्त, "मॉरीन, ऐका," एवढंच आलं. म्हातारी ऐकत नव्हती. "मी दुकानासमोरच उभी आहे. पाटी लावलीय बंद म्हणून. रविवारी चर्चहून येतानाही तीच पाटी होती. मला जरा भीतीच वाटली होती. पण मग तू म्हणालीस छान चाललंय. म्हटलं माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना काय कळतंय, ती पोरगी आत बसलीय ना, तिला जास्त माहीत." ती हसली. "दार उघड ना गं. हात भरून गेलेत माझे."

आणि फोनातून विनिताला दार वाजवल्याचा आवाज आला. काचेवर बोटांच्या पेरांनी, अदबीने, दोनदा.

"गंमतच आहे," म्हातारी म्हणाली, "तू बोलतेयस, पण आत घंटा वाजल्याचं ऐकूच आलं नाही मला."

ठमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात जोडलेले, पण आज डोळे उघडे, सुनेच्या तोंडावर खिळलेले. विनिताचं हसू कुठे गेलं ते तिला कळलं नाही, गाल अगदी जड झाले होते. "मॉरीन," ती म्हणाली, आणि तो आवाज विनीचा नव्हता, तो फोनवर याआधी कुणीच ऐकलेला नव्हता, "मी आत नाहीये. मी कधीच आत नव्हते. मी भारतात असते. पनवेल म्हणून गाव आहे." पलीकडे वारा वाहत होता. "दुकान संपलं. रॉजरने बंद केलं. मला काल माहीत होतं, निदान कळायला हवं होतं, आणि मी तुम्हाला कापा म्हटलं. चूक माझी आहे. लग्नाचं काम नाही. काहीच नाही." ठमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी पदर तोंडाशी नेला. पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

 मग म्हातारीने विचारलं, रागाने नाही, अगदी नीट समजून घ्यायचं आहे अशा आवाजात, "म्हणजे आत कोणीच नाही?"

"नाही," विनिता म्हणाली. "कोणीच नाही."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बादली असावी, पाणी डुचमळलं. विनिता वाट बघत राहिली, आता ही रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल, काहीही करेल. म्हातारीने तसलं काहीच केलं नाही. तिने पुन्हा दार वाजवलं. मघासारखंच, दोनदा, आणि थांबली. आणि बेलपाड्याच्या त्या मागच्या खोलीत विनिता श्वास रोखून, अंग चोरून खुर्चीत बसून राहिली.